पिल्लाचा पाय मोडला, तर आधी सुतळी खाली ठेवा



आज सोयाबीनवर नाही, तुरीवर नाही, आखाड्यावरच्या कुत्र्यावर लिहितोय. काहींना वाटेल, याला आता दुसरं काम उरलं नाही. हरकत नाही. पण ज्यांच्या हरभऱ्यात रात्री डुकरं शिरतात अन् तुरीत रोही उभे राहतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

गेल्या दिवाळीआधी, मळणीच्या घाईत, माझ्याच हातून आमच्या हिऱ्याचा पाय मोडला. हिऱ्या म्हणजे कारवानी पिल्लू, तेव्हा जेमतेम पाच महिन्यांचं. लांब पाय, बारीक कंबर, अन् दिवसभर माझ्या टाचेला टाच लावून चालायची सवय. सोयाबीनची पोती उतरवायला ट्रॉली आखाड्याजवळ लावली. मी मागच्या फाळक्याची कडी काढली. पिल्लू मागंच उभं होतं. मला दिसलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी पाहिलंच नाही. फाळका दाणकन खाली आला, अन् पिल्लू असं ओरडलं की मळणीयंत्राच्या आवाजातही ते पार बांधापर्यंत ऐकू गेलं.

मागचा डावा पाय, गुडघ्याच्या जरा वर. पाय लोंबत होता.

आमचे सालगडी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते लगेच उठले. "थांबा, कामट्या आणतो. हळद-चुना लावू, सुतळीनं आवळू. आठ दिवसांत पळतंय बगा." मामांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलंय. मीही हेच पाहिलंय, अन् एकदा स्वतः केलंय. म्हणूनच मी म्हणलं, "मामा, सुतळी खाली ठेवा."

ते का, हे सांगायचं तर वाघ्याचं सांगावं लागतं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. वाघ्या तेव्हा चार महिन्यांचा. रस्त्यावर मोटारसायकलचा धक्का लागून त्याच्या पुढच्या पायाची नळी मोडली. जखम नव्हती, हाड बाहेर आलेलं नव्हतं, साधं मोड होतं. मी बांबूच्या चार कामट्या तासल्या अन् सुतळीनं करकचून आवळल्या. घट्ट बांधलं की हाड बसतं, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी वाघ्या ती सुतळी चावायला लागला. मी त्याला रागावलो, तोंडाला दावं बांधलं. तिसऱ्या दिवशी तो गप्प झाला. मला वाटलं, आराम पडला. पाचव्या दिवशी वास यायला लागला. सोडून पाहिलं तर पंजा काळा पडलेला, हाताला गार.

पाय खांद्यापासून काढावा लागला. त्या डॉक्टरांनी मला एकच वाक्य ऐकवलं, ते आजही कानात आहे. "हाड गाडीनं मोडलं होतं. पाय तुम्ही घालवला."

वाघ्या पुढं आठ वर्षं तीन पायांवर जगला. राखण करायचा, डुकरांवर भुंकायचा, बांधावरून उड्या मारायचा. कुत्रं तीन पायांवर छान जगतं, हे मी त्याच्यामुळं शिकलो. पण रोज सकाळी तो तीन पायांवर माझ्याकडं पळत यायचा, तेव्हा मला ती सुतळी दिसायची. जी सुतळी तो चावत होता, ती तो का चावत होता, एवढं मला कळलं नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. आखाड्यावरच्या पिल्लांचे पाय गाडीनं मोडतात, बैलाच्या लाथेनं मोडतात, ओट्यावरून पडून मोडतात. ते नशीब म्हणा. पण ते पाय वाया जातात ते आपल्यामुळं. आपल्या घट्ट बांधण्यानं, आपल्या "बघू उद्या"नं, अन् आपण घातलेल्या खुराकानं. बैलाचा पाय लचकला तर आपण रात्री बाराला डॉक्टरला फोन लावतो. कुत्र्याचा पाय मोडला तर म्हणतो, "जगलं तर जगलं." हा फरक मला आता पटत नाही.

पिल्लाचं हाड म्हणजे मोठ्या कुत्र्याचं लहान हाड नव्हे

हिऱ्याला दुसऱ्या दिवशी पहाटे उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

ऊस किंवा ज्वारी आठवा. कांडी मधेच कुठंही वाढत नाही. गाठीच्या लगत वर एक कोवळा पट्टा असतो, वाढ तिथं होते. पडलेला ऊस पुन्हा वर वळतो तोही तिथूनच. अन् जोराचं वारं सुटलं की कोवळं ताट मोडतं तेही गाठीजवळच, कारण तो भाग रसरशीत पण कच्चा.

पिल्लाच्या हाडाचंही तसंच. लांब हाडाच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ पट्टा असतो. हाड लांबतं ते तिथून. हा पट्टा हाडापेक्षा कच्चा अन् सांध्याच्या बंधापेक्षाही कच्चा. मोठ्या कुत्र्याला जिथं मुरगळ येते, बंध तुटतो, तिथं पिल्लाचा हा पट्टाच सुटतो. एक्स-रेमध्ये तो काळ्या रेघेसारखा दिसतो, म्हणून न शिकलेल्या माणसाला निरोगी पिल्लाचंही हाड मोडल्यासारखं वाटतं. जातीप्रमाणं अन् हाडाप्रमाणं फरक पडतो, पण साधारण वर्षाच्या आगंमागं हे पट्टे भरून येतात. मग वाढ थांबते.

१९६३ साली कॅनडातल्या टोरांटोच्या साल्टर आणि हॅरिस या दोन डॉक्टरांनी लहान मुलांच्या अशा मोडींचे पाच प्रकार मांडले. आपले पशुवैद्य आजही पिल्लांसाठी तेच पाच प्रकार वापरतात. हिऱ्याची मोड दुसऱ्या प्रकारातली होती. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक पट्ट्यातून सुटून, हाडाचा एक कोपरा सोबत घेऊन मागं सरकलेलं. वाढत्या पिल्लांत ही मोड नेहमी दिसणारी आहे, असं डॉक्टर म्हणाले.

यात एक गोष्ट फायद्याची अन् एक तोट्याची.

फायद्याची अशी की पिल्लाचं हाड फार लवकर जुळतं. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर तीन-चार आठवड्यांत काम होतं. मोठ्या कुत्र्याला तीन-चार महिनेही लागू शकतात.

तोट्याची अशी की लवकर जुळतं म्हणजे वाकडंही लवकरच जुळतं. आपण आठ दिवस वाट बघितली की टोक जिथं सरकलंय तिथंच धरायला लागतं. मग डॉक्टरांना ते आधी सोडवावं लागतं, त्यात तो कोवळा पट्टा आणखी चेचतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सोन्याचे. "बाजारच्या दिवशी नेऊ" हे इथं चालत नाही.

मांडीला कामटी कधीच नाही

हे ज्यांना माहीत नाही त्यांनी नीट वाचा, कारण मलाही माहीत नव्हतं.

मोडलेलं हाड धरून ठेवायचं तर मोडीच्या वरचा सांधा अन् खालचा सांधा, दोन्ही स्थिर व्हावे लागतात. पुढच्या पायाचं कोपराखालचं हाड, मागच्या पायाची गुडघ्याखालची नळी, इथं ते जमतं. पण मांडीचं हाड मोडलं तर वरचा सांधा म्हणजे खुबा. दंडाचं हाड मोडलं तर वरचा सांधा म्हणजे खांदा. तिथं साधी कामटी पोचतच नाही. ती घसरून खाली येते, तिचं वरचं टोक बरोबर मोडीवर बसतं, अन् कुत्रं पाय टाकेल तशी ती पहारीसारखी काम करते. आधार तर राहिला बाजूला, मोड आणखी उघडते.

दुसरं त्याहून वाईट. मांडी मोडलेलं पिल्लू पाय ताठ सरळ ठेवून दोन-तीन आठवडे बांधलं, तर मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, हाडाला चिकटतो. हाड जुळतं, पण गुडघा पुन्हा वाकत नाही. पाय कायमचा काठीसारखा मागं ताठ. अशी कुत्री तुम्ही गावात पाहिली असतील. आपण म्हणतो, "लंगडं आहे." त्यातली काही लंगडी आपल्या बांधण्याची असतात.

हिऱ्याला भूल देऊन टोक जागेवर बसवलं अन् दोन गुळगुळीत बारीक सळया फुलीसारख्या घातल्या. मी विचारलं, स्क्रू का नाही, घट्ट बसला असता. डॉक्टर म्हणाले, "स्क्रू पट्ट्याच्या आरपार आवळला तर वाढ तिथंच थांबते. गुळगुळीत सळईवरून हाड सरकत सरकत वाढू शकतं." घट्ट म्हणजे चांगलं, हे माझ्या डोक्यातलं जुनं गणित तिथं दुसऱ्यांदा खोटं ठरलं.

वर पट्टी नाही, प्लास्टर नाही. उलट दिवसातून तीन वेळा गुडघा हळूहळू वाकवायचा-सरळ करायचा, असं सांगितलं. बाकी वेळ लहान जागेत कोंडून. आमच्या घरची म्हणाली, कोंबड्यांचा जुना खुराडा धुऊन घेऊ. त्यात बारदानावर जुनं धोतर टाकून हिऱ्या पाच आठवडे राहिला. पहिले आठ दिवस रडला, मग खुराड्यातूनच राखण करायला लागला. पाच आठवड्यांनी एक्स-रे, मग सळया काढल्या.

गाडीभाडं, औषधं, सळया, भूल, सगळं धरून साडेचार हजाराच्या घरात गेलं. ते पैसे मला सोपे नव्हते, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे.

आज हिऱ्या पळतो. तो पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड राहिला, कारण पट्टा मार बसला तेव्हाच थोडा मेला होता. तो गुडघा-खुबा जरा जास्त सरळ ठेवून भरून काढतो. थंडीच्या सकाळी पहिली चार पावलं लंगडतो. पूर्ण बरा झाला असं मी म्हणणार नाही. कामाचा झाला.

पुढच्या पायाचा धोका वेगळा

पुढच्या पायात कोपराखाली दोन हाडं जोडीनं वाढतात. त्यातलं मागचं हाड मनगटाजवळच्या एकाच पट्ट्यातून आपली बहुतेक लांबी मिळवतं, ऐंशी टक्क्यांहून जास्त. अन् कुत्र्यात हा पट्टा सपाट नसून शंकूसारखा असतो. बाजूनं दाब आला तर तो सरकू शकत नाही, चेचतो. चेचलेला त्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. पिल्लू दोन दिवस लंगडतं, मग बरं होतं, आपण विसरतो.

तीन-चार आठवड्यांनी पाय वाकायला लागतो. कारण एक हाड वाढायचं थांबलं अन् जोडीदार वाढतोच आहे. धनुष्याची दोरी आखूड अन् काठी लांब, मग काठी वाकणारच. पंजा बाहेरच्या बाजूला फिरतो, पुढं मनगट अन् कोपर दोन्ही सांधे बिघडतात.

म्हणून पुढच्या पायाला मार लागलेलं पिल्लू बरं दिसलं तरी महिनाभर समोर उभं करून बघत जा. दोन्ही पंजे समोर आहेत का. एक बाहेर फिरतोय का. फिरत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. वाढ शिल्लक असेपर्यंत अडकलेलं हाड मोकळं करायची शस्त्रक्रिया होते, अन् उरलेली वाढ पाय बऱ्यापैकी सरळ करू शकते. वाढ संपल्यावर मग हाड कापून बसवण्याचं मोठं काम उरतं.

काही न लागता मोडलेला पाय

आता खुराकाचं. इथं कृषीवाल्या मित्रांनी जरा लक्ष द्यावं, कारण हे तुमच्याच विषयासारखं आहे.

आमच्या शेजारच्या गावात एका पोरानं हौसेनं पश्मी पिल्लू आणलं. चांगले पैसे मोजले. पिल्लू ताकदवान व्हावं म्हणून त्याला रोज नुसतं मऊ चिकन, हाडाशिवाय. चिकन नसेल त्या दिवशी भाकरी अन् पाणी घातलेलं दूध. चार महिन्यांचं झालं तेव्हा ओट्यावरून, हातभर उंचीवरून, उडी मारली अन् मागचा पाय दुमडला. पोराला वाटलं, कुणीतरी दगड मारला. गावात भांडणं व्हायची वेळ आली. एक्स-रे काढला तर सगळी हाडं फिकी, धुक्यासारखी. एक नवी मोड, अन् एक जुनी, कुणाला कळलीच नाही अशी.

यामागचा हिशेब असा. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीनं किंवा थोडं जास्त लागतं. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. ज्वारीतही आठ-दहा पट. दूध स्वतः वाईट नाही, पण वाटीभर पाणीदार दूध ढीगभर भाकरीची भरपाई करू शकत नाही.

नत्र कमी पडलं की पीक काय करतं? खालच्या जुन्या पानांतला नत्र उचलून शेंड्याला देतं, खालची पानं पिवळी पडतात. झाडाच्या अंगात कॅल्शियम असं हलत नाही, म्हणून टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. पण कुत्र्याच्या अंगात कॅल्शियम हलतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की गळ्यातली एक बारीक ग्रंथी जागी होते अन् हाडातलं कॅल्शियम उचलून रक्तात आणते. रक्ताची तपासणी ठीक येते. रिकामं होतं ते हाड. बाहेरून पिल्लू गुबगुबीत, आतून पोकळ वासा.

लक्षणं ध्यानात ठेवा. खेळायला नको म्हणतं. उचललं की ओरडतं. पाय फाकवून चालतं. पाठ खाली बसते. असं दिसलं तर खुराक बघा, दगड मारणारा शोधू नका.

"उन्हात बांधा, हाडं घट्ट होतात" असं सांगणारे भेटतील. माणसाचं खरं आहे. कुत्र्याचं नाही. त्याच्या कातडीत उन्हानं पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. अंड्याचा बलक, काळीज, मासळी यांत ते असतं.

अन् आता उलटी चूक. हे वाचून कुणी गाईचं खनिज मिश्रण मूठभर पिल्लाच्या ताटात टाकेल. कृपा करून टाकू नका. ते गाईच्या वजनाच्या हिशेबानं बनवलेलं असतं. शिवाय लहान पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही, येईल तेवढं आत घेतं. मोठ्या जातीच्या वेगानं वाढणाऱ्या पिल्लात जास्त कॅल्शियमनंही हाडं अन् सांधे बिघडतात. युरियाचं पोतं जास्त टाकलं म्हणून उतारा दुप्पट येत नाही, हे आपल्यालाच कुणी सांगायला नको.

त्या पश्मीला इंजेक्शनांचा मारा केला नाही. डॉक्टरांनी खुराक बदलला, लहान जागेत ठेवायला लावलं, उड्या बंद. पिल्लांसाठीचं संतुलित तयार खाद्य परवडत असेल तर निदान पहिले सहा महिने तेच सगळ्यात बिनधोक, हे त्यांचं म्हणणं. घरचंच घालायचं तर भाकरी-भातासोबत डाळ, अंडं, मांस, अन् कॅल्शियमची भर मोजून. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड हा स्वस्त मार्ग आहे, पण किती ते पिल्लाच्या वजनावरून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आता ते कुत्रं त्या पोराच्या मोटारसायकलमागं पळतं.

मोडलं तर नेमकं काय करायचं

कागदावर लिहून आखाड्याच्या भिंतीला चिकटवा.

१. पहिल्यांदा स्वतःला सांभाळा. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं. मऊ कापडाची पट्टी तोंडाला बांधा, पण ओकत असेल किंवा श्वास लागत असेल तर बांधू नका. चावलंच, तर साबण अन् वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. पिल्लू घरचं आहे म्हणून सूट नाही.

२. हिरड्या बघा. पांढऱ्या पडल्या असतील तर आत रक्त जातंय, पाय नंतर, जीव आधी. लघवी होते का तेही बघा.

३. पाय ओढून सरळ करू नका. फळीवर किंवा ताणून धरलेल्या बारदानावर उचला, खोक्यात ठेवा. मांडी-दंडाला काही बांधू नका. कोपर-गुडघ्याखालची मोड असेल अन् लांब न्यायचं असेल, तर भरपूर कापूस-कापड गुंडाळून वर पुठ्ठा, सैलसर, दोन्ही सांधे धरून. बोटं उघडी ठेवा. ती सुजली, गार पडली तर लगेच सोडा.

४. जखम असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड झाका. हळद, चुना, रॉकेल, इंजिन ऑइल काही नाही.

५. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड घालवतात. पॅरासिटामॉलही मनानं नको. डायक्लोफेनॅकनं गिधाडं संपत आली अन् २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तीच गोळी आपण घरच्या कुत्र्याला देतो.

६. दोन-तीन दिवसांच्या आत एक्स-रे. प्लास्टर बांधलं तर दर आठवड्याला दाखवा, कारण पिल्लू वाढतं अन् प्लास्टर वाढत नाही. पिल्लू पट्टी सारखं चावत असेल तर त्याला रागावू नका. पट्टी उघडून बघायला न्या.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. "साडेचार हजारांत चार पिल्लं येतील." पिल्लू फुकटही मिळतं, खरं आहे. पण सालभरात हिऱ्यानं हरभऱ्याच्या किती रात्री वाचवल्या, याचा हिशेब मांडा. तारेच्या कुंपणाचा खर्च मांडा, रात्री राखणीला माणूस ठेवायची मजुरी मांडा. अन् तरीही नसतील पैसे, तर मी कुणाला दोष देणार नाही. मीही तिथं राहिलोय. पण मग डॉक्टरांना तसं सरळ सांगा. पाय काढणं स्वस्तात होत असेल तर तीन पायांचा वाघ्या मी तुम्हाला सांगितलाच. वाचणार नसेल तर सुखाचं मरण द्यायचंही काम डॉक्टरचंच. बांधाच्या कडेला आठ दिवस कण्हत ठेवणं, हा मात्र उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप मोकाट कुत्र्यांचा. गावात कुत्री वाढलीत, चावतात, अन् हा कुत्र्याचं कौतुक करतोय. मी आखाड्याच्या कुत्र्याबद्दल बोलतोय. त्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, नसबंदी करा, दरसाल चौदा पिल्लं गावात सोडू नका. एक कुत्रं ठेवा, पण माणसासारखं ठेवा.

अन् एक मागणी. आमच्या जवळच्या दवाखान्यात एक्स-रेची सोय नाही. तिथले डॉक्टर चांगले आहेत, पण नुसत्या हातानं चाचपून पट्टा सुटलाय की चेचलाय हे कुणाला सांगता येईल? गाय-बैल-शेळी-कुत्रं सगळ्यांना लागणारी ही गोष्ट आहे. तालुक्याला एक चालू एक्स-रे यंत्र, एवढंच मागणं आहे. तोवर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा, अन् मोठं काम असेल तर विद्यापीठाच्या संस्था मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला इथं आहेत. लांब वाटतं, पण पिल्लाला खोक्यात घालून एसटीच्या वाटेनं जाणारेही मी तिथं पाहिले.

कृषी विभागाच्या मित्रांनो, शिवारफेरीला याल तेव्हा कीड, रोग, पाणी विचारताच. एकदा कुत्र्याच्या ताटात काय आहे तेही विचारा. रानाची राखण त्याच्याच पायावर उभी आहे.

मामांनी ती सुतळी अजून ट्रॉलीच्या हुकाला गुंडाळून ठेवलीय. त्या दिवसापासून फाळक्याची कडी काढायच्या आधी ते ट्रॉलीला एक चक्कर मारतात अन् वाकून खाली बघतात. मी त्यांना तसं कधी सांगितलं नव्हतं. आता मीही मारतो. तुम्हीही मारा, फुकट आहे.

तुमच्या आखाड्यावर असं काही घडलं असेल, बरं झालेलं किंवा वाया गेलेलं, तर लिहा. वाया गेलेलं आधी लिहा. त्यातूनच दुसऱ्याचं पिल्लू वाचेल.